गोळी गिळल्यानंतर

टीबीचं औषध सुरू झालं की पहिली तक्रार बहुधा खोकल्याची नसते, लघवीची असते. सकाळी उपाशीपोटी गोळ्या घेतल्या आणि दोन-चार तासांनी माणूस घाबराघुबरा होऊन मोरीतून बाहेर आला, असं घरोघरी घडतं. लघवीचा रंग शेंदरी, कधी चक्क तांबडा. रक्त पडतंय, उष्णता झाली, मूत्रपिंडं गेली, जे मनात येऊ नये ते सगळं येतं. ‘लघवी लाल होईल, घाबरायचं नाही,’ एवढंच आशाताईंनी किंवा आरोग्यसेवकाने आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं असेल, तर दुसऱ्या दिवशीच्या गोळ्या पोटात जातात. सांगितलेलं नसेल, तर पाकीट फळीवर पडून राहतं, आणि ‘मला ते औषध उष्ण पडलं’ हे त्या घराचं कायमचं निदान होतं.

तो रंग रिफॅम्पिसिन या औषधाचा. मूळ पूडच विटकरी लाल असते, आणि शरीरातून बाहेर पडताना ती लघवी, घाम, थुंकी, अश्रू या सगळ्यांना रंगवत जाते. पांढऱ्या बनियनच्या काखेत डाग पडतात. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स कायमच्या रंगतात, म्हणून कोर्स संपेपर्यंत चष्मा बरा. रंगाने अपाय काहीच होत नाही. उलट गोळी पोटात गेल्याची ती खूण. रुग्ण औषध घेतोय की नाही हे पाहायला कित्येक ठिकाणी लघवीचा रंगच तपासला जायचा.

गेल्या काही दशकांच्या प्रचाराने टीबीबद्दलचं एक वाक्य महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोचवलं आहे : औषध मध्येच सोडू नका. ते खरंच आहे. पण त्याच्या जोडीचं दुसरं वाक्य, ‘त्रास झाला तर त्याच दिवशी सांगा’, तितकं पोचलेलं नाही. पहिलं ऐकलेला माणूस कावीळ होईपर्यंत निमूट गोळ्या गिळतो, नाहीतर कुणाला न सांगता त्या बंद करतो. या दोन्ही टोकांच्या मधली जी वाट आहे, ती दुसऱ्या वाक्यातून जाते.

पाइनच्या रानातली माती

रिफॅम्पिसिनची गोष्ट मातीतून सुरू होते. १९५७ साली इटलीत मिलानच्या लेपेटी कंपनीच्या प्रयोगशाळेत पिएरो सेन्सी आणि त्यांचे सहकारी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पाइनच्या रानातून आणलेली माती तपासत होते. त्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवाने तयार केलेलं द्रव्य जिवाणूंना मारतं, असं दिसलं. तेव्हा ‘रिफिफी’ नावाचा फ्रेंच गुन्हेपट गाजत होता. मंडळींनी त्यावरून या द्रव्याला गमतीने नाव ठेवलं आणि तेच पुढे रिफामायसिन म्हणून रूढ झालं. तोंडाने घेता येईल असं त्याचं सुधारित रूप, म्हणजे रिफॅम्पिसिन, साठच्या दशकाच्या मध्याला तयार झालं.

तोवरचा इतिहास हतबलतेचा आहे. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवून दिला. जंतू कळला, औषध मात्र नव्हतंच. डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर होऊन परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, याच रोगाने गेल्या. पुढची पन्नास-साठ वर्षं उपचार म्हणजे आरोग्यधाम : मिरजेला किंवा पाचगणीला जायचं, मोकळी हवा घ्यायची, दूध-अंडी खायची, पडून राहायचं आणि वाट पाहायची.

१९४३ साली अमेरिकेत अल्बर्ट शॅट्झ आणि सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन सापडलं आणि आशा पालवली. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने ते नीट पारखून घेतलं. सहा महिन्यांनी, औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी ४ दगावले होते आणि नुसत्या विश्रांतीवर असलेल्या ५२ पैकी १४. फरक डोळ्यांत भरणारा होता. पाच वर्षांनी पुन्हा मोजलं, तर पहिल्या गटातले ३२ गेले होते आणि दुसऱ्यातले ३५. औषधाने सुरुवातीला जिंकलेली लढाई जंतूंनी मागाहून परत जिंकली होती. एकट्या औषधाला ते सरावले होते. टीबीच्या औषधांबद्दल जे जे नियम आज आपल्याला जाचक वाटतात, त्यांतले बहुतेक या आकड्यांतून जन्मले.

१९५२ साली आयसोनियाझिड आलं. स्वस्त, गोळीच्या रूपातलं, जबर असर असलेलं. १९५६ मध्ये मद्रासला एक मोठा प्रश्न हाती घेतला गेला : आरोग्यधामात खाटा नाहीत, मग घरीच गोळ्या दिल्या तर? भारतीय आणि ब्रिटिश संशोधन परिषदा, जागतिक आरोग्य संघटना आणि मद्रास सरकार यांनी मिळून काही रुग्णांना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत ठेवून सारखीच औषधं दिली. १९५९ साली निष्कर्ष छापून आले. घरी राहिलेले, कमी खायला मिळालेले रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले. घरातल्या माणसांनाही जास्तीची लागण झाली नाही. जगभरातली आरोग्यधामं हळूहळू रिकामी होऊ लागली. उपचार घरात आला, तशी गोळी वेळेवर घेण्याची आणि ती घेतल्यावर अंगात काय होतंय यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारीही घरात आली. आरोग्यधामात रोज नाडी पाहणारी परिचारिका होती. घरात तिची जागा कुणी घ्यायची, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

एकाच वेळी चार का

फुफ्फुसात टीबीने पोकळी पडली असेल, तर तिच्यात दहा कोटींच्या घरात जंतू असू शकतात. त्यांतले काही, औषधाचं तोंडही न पाहता, निव्वळ योगायोगाने एखाद्या औषधाला दाद न देणारे जन्मतात. आयसोनियाझिडच्या बाबतीत हे प्रमाण साधारण दहा लाखांत एक, रिफॅम्पिसिनच्या बाबतीत दहा कोटींत एक. म्हणजे एकटं आयसोनियाझिड दिलं तर बाकीचे मरतील, शंभरेक वाचतील, आणि मोकळ्या रानात त्यांचीच वस्ती होईल. दोन्हींना एकदम दाद न देणारा जंतू सापडायचा, तर जंतूंची संख्या इतकी प्रचंड लागेल की रुग्णाच्या शरीरात ती सहसा आढळत नाही.

शिवाय चारही औषधांची कामं वेगळी. आयसोनियाझिड भराभर वाढणाऱ्या जंतूंना पहिल्या काही दिवसांतच मोठ्या संख्येने मारतं. रिफॅम्पिसिन अर्धवट झोपलेल्यांनाही गाठतं. पायराझिनामाइड आम्लधर्मी कोपऱ्यांत दडलेल्यांसाठी. इथॅम्ब्युटॉल राखणीला : जंतू आधीच आयसोनियाझिडला सरावलेले असतील, तर रिफॅम्पिसिन एकटं पडू नये म्हणून.

सहा महिन्यांचं कारणही जंतूच्या स्वभावात आहे. आतड्यातले काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. टीबीच्या जंतूला त्यासाठी पंधरा-वीस तास लागतात. त्यातले काही तर महिनोन् महिने हालचालही करत नाहीत, आणि जो वाढत नाही त्याला मारणं अवघड. महिनाभरात ताप जातो, भूक लागते, खोकला उणावतो, वजन वाढतं. शेतातली हराळी वरून कापली की शेत स्वच्छ दिसतं, तशीच ही स्थिती. मुळ्या खाली तशाच असतात. पुढचे पाच महिने त्या मुळ्यांसाठी. म्हणून पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने, पायराझिनामाइड वगळून, तीन. मेंदूचा किंवा हाडांचा टीबी असेल तर मुदत आणखी लांबते.

हा सगळा हिशेब एका गृहीतावर उभा आहे : आपला जंतू या औषधांना दाद देणारा आहे. ते आधी तपासावं लागतं. बेडक्याच्या नमुन्यावर सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही चाचणी केली, की जंतू आहे का आणि तो रिफॅम्पिसिनला दाद देतो का, हे काही तासांत कळतं. यातलं ट्रूनॅट यंत्र गोव्याच्या मोलबायो कंपनीचं आहे. बॅटरीवर चालणारं, छोट्या आरोग्य केंद्रात मावणारं. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. आयसोनियाझिडबद्दल मात्र नेहमीची सीबीनॅट चाचणी काही सांगत नाही, त्यासाठी पुढची वेगळी तपासणी लागते. तेव्हा नुसता एक्स-रे पाहून कुणी गोळ्या लिहून दिल्या, तर ‘डॉक्टर, बेडका तपासायला पाठवायचा ना?’ असं विचारण्यात उद्धटपणा नाही. सुरक्षित औषधोपचाराची पहिली पायरी गोळीच्या आधी येते.

वजनकाट्यापासून सुरुवात

सरकारी केंद्रातून मिळणाऱ्या एका गोळीत चारही औषधं एकत्र असतात : आयसोनियाझिड ७५, रिफॅम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५ मिलीग्रॅम. किती गोळ्या घ्यायच्या हे वजन ठरवतं. प्रौढ माणसाचं वजन ३५ ते ४९ किलो असेल तर रोज ३, ५० ते ६४ असेल तर ४, त्याच्या वर ७५ पर्यंत ५. एकत्र गोळीचा मोठा फायदा असा, की ‘ही मोठी गोळी घशात अडकते, ती राहू दे’ अशी निवड करता येत नाही. उपचारात वजन वाढतं आणि वजनाचा गट बदलला की गोळ्यांची संख्याही बदलू शकते. दर महिन्याला काट्यावर उभं राहणं हा औषधाच्या मात्रेचाच भाग आहे.

गोळ्या सगळ्या एकदम, रोज एकाच वेळी, शक्यतो उपाशीपोटी. नाश्त्याच्या तासभर आधी घेतल्या तर रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड रक्तात नीट उतरतात. आता उपाशीपोटी पोटात ढवळतं ही तक्रार अगदी खरी. मळमळ सोसत नसेल तर थोडं हलकं खाऊन, किंवा वेळ बदलून रात्री झोपताना, असे मार्ग डॉक्टर सुचवतात. काहीही पोटात न जाण्यापेक्षा थोडं खाऊन गेलेलं बरं. पित्ताची पातळ औषधं किंवा चघळायच्या गोळ्या मात्र त्याच घोटाबरोबर नकोत. दोन तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर आयसोनियाझिड पोटातच अडतं. पट्टीतून सगळ्या गोळ्या काढून डबीत भरून ठेवण्याची सवयही सोडावी. रिफॅम्पिसिनला दमट हवा आणि उजेड मानवत नाही.

एखाद्या सकाळी विसरलं, तर आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्यावं. दुसऱ्या दिवशी मात्र दुप्पट घेऊन भरपाई करू नये. काही दिवसांचा खंड पडला तर ‘आजपासून परत सुरू’ असं आपलं आपण ठरवू नये, कारण रिफॅम्पिसिन तुटक-तुटक घेतल्यावर थंडी-तापासारखी लक्षणं येतात आणि क्वचित रक्तातल्या प्लेटलेटही कोसळतात. खंडाचा महिना उलटला तर पुन्हा तपासणी करूनच पुढचं ठरतं. खंड पडला म्हणून केंद्रात जायला लाज वाटते, आणि या लाजेपायी आठ दिवसांचा खंड दोन महिन्यांचा होतो.

या गोळ्यांबरोबर एक बारीकशी गोळी असते, जीवनसत्त्व ब-६ ची, पायरिडॉक्सिन. ‘ताकदीची आहे, नाही घेतली तरी चालेल,’ म्हणून पुष्कळजण ती बाजूला सारतात. आयसोनियाझिड शरीरातलं ब-६ वापरू देत नाही. त्यामुळे तळव्यांना झिणझिण्या येतात, आग होते, बोटं बधिर पडतात. मधुमेही, दारू पिणारे, गरोदर स्त्रिया, मुळात कुपोषित माणसं यांना हा धोका जास्त. रोजची १० मिलीग्रॅमची गोळी तो बहुतांशी टाळते.

कावीळ आणि दोन चुका

या चारांतली तीन औषधं यकृतावर भार टाकतात : आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि त्यांच्याहून काकणभर जास्त पायराझिनामाइड. बहुतेकांचं यकृत तो भार पेलतं. रक्ततपासणीत आकडे थोडे वर जातात आणि आपोआप खाली येतात. तेवढ्यासाठी औषध थांबवायची गरज नसते. काहींना मात्र खरा यकृतदाह होतो. वय जास्त, रोजची दारू, ब किंवा क प्रकारची जुनी कावीळ, हाडांचा सापळा झालेलं शरीर, यांपैकी काही असेल तर कोर्स सुरू होण्याआधी यकृताची तपासणी करून घ्यावी आणि पहिले दोन महिने विशेष जपावं. दारू या सहा महिन्यांत पूर्ण बंद. ‘फक्त शनिवारी’ हा हिशेब यकृताला समजत नाही.

धोका ओळखायचा कसा? पहिल्या आठवड्यातली मळमळ बहुधा उतरते. पण गेलेली भूक परत येत नाही, अन्नाचा वास नकोसा होतो, उलट्या थांबत नाहीत, उजव्या बरगडीखाली दुखतं, गळून गेल्यासारखं वाटतं. ही यकृताची भाषा आहे. डोळे पिवळे होण्याची वाट पाहू नये. इथे लघवीचा रंग घोटाळा करतो. रिफॅम्पिसिनचा शेंदरी रंग पहिल्या दिवसापासून असतो आणि डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहतो. कावीळ होते तेव्हा लघवी गडद तपकिरी होते आणि डोळे पिवळे पडतात. दिवसाच्या उजेडात आरशासमोर खालची पापणी ओढून पाहिलं तर फरक कळतो.

असं काही दिसलं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरकडे पोचायचं. ‘न घेता’ आणि ‘त्याच दिवशी’, दोन्ही सारखेच महत्त्वाचे. आपल्याकडे होणाऱ्या दोन चुका इथेच होतात. एक चूक सोसणाऱ्याची : कोर्स तुटेल या भीतीने पिवळ्या डोळ्यांनी गोळ्या चालूच. दुसरी चूक थांबणाऱ्याची : गोळ्या बंद करून गावातल्या कावीळ उतरवणाऱ्याकडे जायचं, नाकात औषध घालून घ्यायचं, हातावर चुना चोळून पाणी पिवळं झालेलं पाहायचं, आणि डोळे निवळले की ‘ते औषधच वाईट होतं’ म्हणून टीबी तसाच ठेवायचा. औषध थांबलं म्हणून यकृत सावरलेलं असतं, श्रेय जातं चुन्याला.

दवाखान्यात काय होतं ते ठाऊक असलं की भीती उरत नाही. यकृताचे आकडे लक्षणांसह तिपटीवर किंवा लक्षणांशिवाय पाचपटीवर गेले असतील तर यकृताला झोंबणारी औषधं थांबवतात. आजार गंभीर असेल तर यकृताला न दुखावणारी वेगळी औषधं तात्पुरती देतात. आकडे उतरले की एकेक औषध काही दिवसांच्या अंतराने परत सुरू करतात आणि रक्त तपासत राहतात. दोषी औषध सापडलं तर ते वगळून कोर्स नव्याने आखला जातो. बऱ्याच रुग्णांना बहुतेक औषधं परत घेता येतात. थांबणं आणि सोडणं यांत एवढं अंतर आहे, आणि ते अंतर डॉक्टरनेच चालायचं असतं.

डोळे, सांधे, कातडी

इथॅम्ब्युटॉल क्वचित डोळ्यांच्या नसेला इजा करतं. सुरुवात बहुधा रंगांपासून होते. लाल आणि हिरवा वेगळे ओळखू येईनासे होतात, किंवा अक्षरं पुसट दिसतात. अधूनमधून एक डोळा झाकून दुसऱ्याने, मग उलट, असं छापील पान आणि ताटातला टोमॅटो-मिरची पाहून घ्यावी. फरक वाटला तर त्याच दिवशी दाखवायचं. वेळेत थांबवलं तर नजर बहुधा परत येते, उशीर झाला तर येईलच असं नाही. मूत्रपिंडं कमजोर असणाऱ्यांना हा धोका अधिक. मूत्रपिंडाचा आजार आहे हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

पायराझिनामाइडने युरिक आम्ल वाढतं आणि सांधे दुखतात; खांदे, गुडघे, बोटं. हे त्रासदायक असलं तरी साध्या वेदनाशामकाने बहुधा भागतं आणि दोन महिन्यांनी ते औषध संपतंच. अंगाला नुसती खाज सुटली तर ती सांगून उपचार करून घ्यावेत. पण पुरळाबरोबर ताप, तोंडात फोड, कातडी सुटणं, किंवा हिरड्यांतून रक्त, अंगावर जांभळे ठिपके दिसले, तर तडक रुग्णालय गाठायचं. ठिपके रिफॅम्पिसिनमुळे प्लेटलेट उतरल्याने असतील, तर ते औषध पुन्हा कधीच देत नाहीत.

दुसऱ्या आजारांच्या गोळ्या

रिफॅम्पिसिनची एक खोड रंगाइतकी दिसत नाही. ते यकृताला कामाला लावतं आणि यकृत इतर औषधांचा निकाल नेहमीपेक्षा फार लवकर लावू लागतं. गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो. नको असलेली गर्भधारणा टाळायची तर तांबी किंवा निरोधसारखा दुसरा उपाय हवा. मधुमेहाच्या काही गोळ्या निकामी ठरतात आणि साखर चढते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनची मात्रा नव्याने बसवावी लागते, आणि कोर्स संपल्यावर पुन्हा कमी करावी लागते. ही दुसरी पायरी विसरली तर रक्तस्रावाचा धोका असतो. एचआयव्हीच्या उपचारातलं डोल्युटेग्रॅविर दिवसातून एकदाऐवजी दोनदा घ्यावं लागतं. म्हणून टीबी केंद्रात पहिल्यांदा जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी, वैद्यांच्या पुड्या आणि ताकदीच्या बाटल्यांसकट, बरोबर न्यावी.

कोकण-गोव्यात आणखी एक गोष्ट सांगायला हवी. बांगडा, कुपा यांसारखे मासे नीट थंड न ठेवता राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन साचतं. एरवी शरीर त्याची विल्हेवाट लावतं, आयसोनियाझिड त्या कामात अडथळा आणतं. मग जेवल्यावर चेहरा लालबुंद होणं, धडधड, डोकं ठणकणं असं होऊ शकतं. मासे सोडायचे नाहीत. अशक्त रुग्णाला ते हवेतच. ताजे खायचे, शिळे टाळायचे, एवढंच.

गरोदरपणात हा कोर्स थांबवायचा नसतो. अनावर टीबी आई आणि बाळ दोघांनाही औषधांपेक्षा फार घातक. स्ट्रेप्टोमायसिन तेवढं टाळतात, कारण ते बाळाच्या कानांना इजा करतं. अंगावर पाजणंही चालू ठेवता येतं.

धारावीतल्या चिठ्ठ्या

रुग्णाने सगळं नीट केलं तरी चिठ्ठीच चुकीची असेल तर? नव्वदीच्या सुरुवातीला मुकुंद उपळेकर आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या झोपडपट्टीत काम करणाऱ्या शंभरेक खाजगी डॉक्टरांना टीबीचा औषधोपचार लिहून द्यायला सांगितला, तर ८० वेगवेगळे औषधोपचार पुढे आले. वीसेक वर्षांनी, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तोच प्रश्न धारावीत पुन्हा विचारला. १०६ डॉक्टरांनी ६३ तऱ्हा लिहिल्या. बरोबर लिहिणारे होते फक्त ६.

२०११ च्या अखेरीस याच उदवाडियांनी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांचे जंतू तपासलेल्या एकाही औषधाला दाद देत नव्हते. ‘पूर्ण प्रतिरोधी’ या शब्दावरून सरकारशी वाद झाला. पण चारपैकी तिघांना अनेक खाजगी डॉक्टरांकडून एकेक औषध सुटंसुटं, चुकीच्या मात्रेत वाढवत दिलं गेलं होतं, ही नोंद त्या वादापेक्षा मोलाची होती. एकट्या स्ट्रेप्टोमायसिनने ब्रिटनमध्ये शिकवलेला धडा मुंबईत पुन्हा गिरवला गेला होता.

सरकारी कार्यक्रमही चुकत-शिकत आला. १९९७ पासून ‘डॉट्स’खाली आठवड्यातून तीनदा गोळ्या, त्याही कार्यकर्त्यासमोर, अशी पद्धत होती. रोज गोळ्या द्याव्यात यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१७ साली रोजच्या गोळ्या देशभर आल्या. पहिल्या टप्प्यातल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. टीबीची नोंद सरकारला कळवणं २०१२ पासून सक्तीचं आहे, आणि २०१४ पासून दुकानदाराला ही औषधं चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. विक्रीची नोंदही ठेवावी लागते. औषध रुग्णापर्यंत पोचवण्याची जबाबदारी मात्र नेहमी पाळली गेली असं नाही. २०२४ च्या वसंतात औषधांचा पुरवठा अडला आणि राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करायला सांगावं लागलं. रुग्णाला ‘एक दिवसही चुकवू नका’ सांगायचं आणि खिडकीवर ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणायचं, या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेने केल्या.

सोसण्याची किंमत सर्वांत जास्त मोजली ती प्रतिरोधी टीबीच्या रुग्णांनी. त्यांना महिनोन् महिने कॅनामायसिनची इंजेक्शनं दिली जात, आणि त्यातल्या कित्येकांची श्रवणशक्ती गेली. मुंबईची नंदिता वेंकटेशन त्यांतली एक. दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले हिचीही तीच कथा. कान सुरक्षित ठेवणारं बेडाक्विलिन हे औषध अमेरिकेत २०१२ च्या अखेरीस मंजूर झालं होतं. भारतात ते २०१६ मध्ये आलं ते फक्त सहा केंद्रांत. त्यावरची कंपनीची मक्तेदारी आणखी काही वर्षं लांबवणाऱ्या पेटंट अर्जाला या दोघींनी आव्हान दिलं, आणि मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. २०२४ साली सरकारने बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन यांचा सहा महिन्यांचा, इंजेक्शनविरहित उपचार मंजूर केला. त्यालाही राखण लागतेच : हृदयाचा आलेख, रक्तातलं हिमोग्लोबिन, पायांतल्या मुंग्या, नजर. दोन बहिऱ्या झालेल्या मुलींनी जगाला ऐकायला लावलं ते एवढंच, की ‘जीव वाचला ना, मग कान गेले तर गेले’ हे उत्तर पुरेसं नाही.

ताट आणि तक्रार

झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णाच्या घरातल्या माणसांना शिधा मिळाला, तर त्यांच्यातला नवा टीबी ३९ टक्क्यांनी घटला. रुग्णांपैकी ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढलं, त्यांच्या मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. उपाशी शरीराला औषध कमी लागू पडतं आणि जास्त बाधतं, हे घरातल्या आजीला ठाऊक होतं. आता ते आकड्यांत आलं. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. त्यासाठी बँक खात्याची नोंद पहिल्याच आठवड्यात करून घ्यावी.

राहिला प्रश्न ऐकणाऱ्याचा. १८००-११-६६६६ हा टीबीसाठीचा मोफत दूरध्वनी आहे; औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्ण स्वतः १८००-१८०-३०२४ वर करू शकतो. पण गोवंडीच्या दहा बाय दहाच्या खोलीतली सून किंवा ऊसतोडीच्या फडावरचा मजूर आधी सांगेल तो समोरच्या माणसालाच. त्या माणसाने काय विचारलं यावर सगळं ठरतं. ‘गोळ्या घेतल्या का?’ या प्रश्नाला ‘हो’ हे एकच सोयीचं उत्तर असतं, घेतल्या नसल्या तरी. ‘जेवण जातंय का? डोळे दाखवा. पायांना मुंग्या येतात का? दुसरं कुठलं औषध चालू आहे का?’ या प्रश्नांना खोटं उत्तर देण्याचं काही कारण नसतं. ते विचारायला पाच मिनिटं लागतात, यंत्र लागत नाही. ज्याला असं विचारलं जातं तो त्रास सांगतो; ज्याचा त्रास मार्गी लागतो तो सहावा महिना गाठतो. औषध मध्येच सोडू नका, या वाक्यावर आपला हक्क तेव्हाच पोचतो.